शहरात सुपरहिरो कायमचा राहायला आला तर काय होईल?

प्रश्न एका कादंबरीलेखिकेचा आहे. तिच्या शहरात उडणारा, अचाट ताकदीचा आणि मनाने सज्जन असा एक माणूस राहतो. एकदा जग वाचवून निघून जाणारा हा पाहुणा नव्हे, रोज तिथेच असणारा रहिवासी आहे. पोलीस, अग्निशमन दल, पालिका आणि साधी माणसं त्याच्याबरोबर कशी नांदतील, मोडतोडीचे पैसे कोण भरेल आणि वाचकाला हे सगळं खरं वाटावं म्हणून काय दाखवावं, असं तिने विचारलं आहे.

मी वीसेक वर्षं आपत्कालीन सेवेत काढली. निम्मी घटनास्थळी, निम्मी नियंत्रण कक्षात हेडफोन लावून. सुपरहिरो कधी भेटला नाही. पण अंगात दहा माणसांचं बळ असलेला, कुणाचं न ऐकणारा आणि मदतीला सगळ्यांत आधी धावणारा माणूस प्रत्येक मोठ्या दुर्घटनेत भेटतो. त्यामुळे तुमचा नायक मला अगदीच परका नाही. तुम्ही मोडतोडीपासून सुरुवात केली आहे, मी मात्र दुसरीकडून करतो. शहराला त्याच्या ताकदीचा त्रास होईलच, पण शहराची खरी वाट लागेल ती शहराला त्याची सवय झाल्याने.

आधी एक साधा प्रश्न. कुठे जायचं हे त्याला कोण सांगतं? कथांमध्ये त्याला किंकाळी ऐकू येते आणि तो झेपावतो. नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला ही व्यवस्था ऐकूनच घाम फुटेल, कारण बहुतेक मरणं आवाज करत नाहीत. हृदय अचानक बंद पडलेला माणूस ओरडत नाही, तो खुर्चीतून घसरतो. पक्षाघात झालेल्याची जीभच जड होते. कोळसा पेटवून बंद खोलीत झोपलेलं कुटुंब कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जातं. रस्त्यावर दोन टोळ्यांची हाणामारी मात्र चार गल्ल्यांपलीकडे ऐकू जाते. म्हणजे कानांवर विसंबलेला नायक आपोआप गोंगाटाचा नायक होतो. जिथे गर्दी आणि कॅमेरे असतील तिथे तो दिसेल. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या वाट्याला तो कधीच येणार नाही. वर्षभरात कुणीतरी नकाशावर ठिपके मांडेल, तो कुठे गेला आणि कुठे नाही, आणि तुमच्या शहरातलं पहिलं मोठं भांडण त्या नकाशावरून पेटेल.

म्हणून शहाणं शहर पहिलं काम एकदम रुक्ष करेल. नियंत्रण कक्षात त्याच्यासाठी एक टेबल, एक वायरलेस सेट आणि तीन पाळ्यांत बसणारी माणसं. त्याला गाडीसारखाच एक कॉलसाइन, म्हणजे वायरलेसवर हाक मारायचं ठरलेलं नाव. आणि त्या टेबलावरून त्याला मिळणारी कामं त्याला मुळीच आवडणार नाहीत. हृदय बंद पडल्यावर शॉक मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरागणिक जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. स्वीडनमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोनने पोचवलेल्या डिफिब्रिलेटरमुळे, म्हणजे हा शॉक देणाऱ्या यंत्रामुळे, घराबाहेर बर्फ उपसताना कोसळलेला एक माणूस वाचला. ड्रोनला जे जमतं ते तुमचा नायक त्याहून लवकर करेल. प्रत्यारोपणासाठी काढलेलं हृदय चार ते सहा तासांत दुसऱ्या शरीरात बसावं लागतं, तिथेही तो सोन्यासारखा आहे. हिशेबाने पाहिलं तर त्याच्या हातून सर्वांत जास्त जीव वाचतील ते पेटी पोचवण्याच्या कामातून. तुमच्या नायकाला हे मान्य होईल का, हा तुमच्या कादंबरीचा प्रश्न आहे. माझ्या ओळखीतल्या धाडसी माणसांना तरी झालं नसतं.

आता ताकदीकडे येऊ. इथे लेखक हमखास फसतात, म्हणून थोडं रेंगाळतो.

गच्चीवरून पडणारी व्यक्ती तो झेलतो, हा ठरलेला प्रसंग. ८० मीटर खाली आलेल्या माणसाचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास असतो. नायकाने त्याला अर्ध्या मीटरमध्ये थांबवलं तर शरीरावर गुरुत्वाच्या सुमारे १६० पट झटका बसतो. जमिनीने मारण्याऐवजी नायकाच्या हातांनी मारलं, एवढाच फरक. त्याच माणसाबरोबर खाली जात जात, २० मीटरमध्ये हळूहळू वेग कमी केला तर झटका पाचपटीच्या आसपास राहतो आणि माणूस जगतो. हिशेब सोपा आहे: पडलेली उंची भागिले थांबायला घेतलेलं अंतर, आणि त्यात नेहमीच्या गुरुत्वाचा एक मिळवायचा. पण याचा अर्थ असा की पाचव्या मजल्यावरून पडणारा त्याला वाचवता येणं जास्त अवघड आहे, कारण वेग जुळवून घ्यायला जागाच उरत नाही. तुमच्या नायकाचं पहिलं अपयश मी तिथे ठेवलं असतं.

विमान हातांवर पेलण्याचंही तसंच. मोठ्या प्रवासी विमानाचं उड्डाणावेळचं वजन ४०० टनांच्याही वर जातं. दोन तळहातांचं क्षेत्रफळ धरा ४०० चौरस सेंटीमीटर. प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर एक टन. विमानाचा पत्रा काही मिलिमीटर जाडीचा असतो. नायक विमान उचलणार नाही, विमानातून आरपार जाईल. इमारतीचंही तेच. कॉलमवर येणारा भार एका बिंदूवर घेतला की काँक्रीट तिथेच भोसकलं जातं. त्याला बरोबर रुंद पोलादी पाळणे, तुळया आणि कुठे हात लावायचा हे सांगणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर लागेल. हा इंजिनिअर कथेत कुणी ठेवत नाही, आणि मला तो नायकाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

ढिगाऱ्याची गोष्ट तर सगळ्यांत वाईट. काँक्रीटचं वजन घनमीटरला अडीच टन. पाच बाय चार मीटरचा, १५ सेंटीमीटर जाडीचा साधा स्लॅब साडेसात टनांचा होतो. आम्हाला तो हलवायला टेकू, जॅक आणि कित्येक तास लागतात, तुमचा नायक एका हाताने बाजूला सारेल. आणि सगळे टाळ्या वाजवत असताना खालचा माणूस मरेल. मांडी काही तास दबलेली असली की तिथले स्नायू कुजू लागतात. दाब निघाला की त्यातलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय बंद पाडतं. त्यातून वाचला तर स्नायूंमधल्या द्रव्याने मूत्रपिंडं निकामी होतात. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांमध्ये ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली, बोलणारी माणसं काही दिवसांत मरत होती, तेव्हा बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये याचं नीट वर्णन केलं. तेव्हापासूनचा धडा असा की आधी सलाईन, मग स्लॅब. पायावरून दगड उचलण्याआधी वैद्यकीय माणूस त्या फटीत हात घालून शीर शोधतो. त्या वेळात नायकाला हाताची घडी घालून उभं राहावं लागेल, आणि भोवतीची माणसं त्याला शिव्या घालत असतील, की उचल ना रे, बघतोस काय.

हे मी अटकळीने सांगत नाही. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत भूकंप झाला, तेव्हा सामान्य नागरिक हातांनी ढिगारे उपसायला धावले. त्यांनी ८०० हून अधिक लोक बाहेर काढले असं मानतात, आणि त्या पंधरवड्यात त्यांच्यापैकी शंभरावर माणसं स्वतः गेली. हिंमत कमी नव्हती, प्रशिक्षण नव्हतं. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने साध्या नागरिकांना बचावाचं प्राथमिक शिक्षण द्यायला सुरुवात केली. तुमचा नायकही आधी विद्यार्थी हवा. मानेला आधार कसा द्यायचा, कुठली भिंत भार पेलते, बंद खोलीत धुमसत्या आगीचं दार फाडलं की आत शिरलेल्या हवेने काय होतं, हे त्याला शिकवावं लागेल. आग विझवायला जोरात फुंकर मारणाऱ्या नायकाला मी पहिल्या दिवशीच वर्गाबाहेर काढीन.

हुकूम कुणाचा, हा पुढचा तिढा. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे पेटले, १६ माणसं गेली, सुमारे ७०० बांधकामं जळाली. नंतरच्या चौकशीत सापडलं ते असं: प्रत्येक दलाची वायरलेस वेगळी, शब्द वेगळे, आणि एका साहेबाच्या हाताखाली नको तितकी माणसं. त्यातून घटनास्थळावरच्या नेतृत्वाची जी पद्धत उभी राहिली ती आज जगभर वापरतात. घटनास्थळाचा प्रमुख एकच असतो, आणि येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे हजेरी लावतो. पद किंवा प्रसिद्धी काहीही असो. नायकालाही हाच नियम. तो आकाशातून उतरला की सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात, जवानसुद्धा क्षणभर हातातलं काम थांबवतात, आणि आपल्याला वाटतं आता तोच प्रमुख. नेमका तिथे गोंधळ होतो. त्याने उतरल्यावर पहिली गोष्ट करावी ती म्हणजे प्रमुखाचं जॅकेट शोधून विचारावं, ‘काय करू?’ दोन शब्द. लोक बघत असताना हे विचारलं, तर शहराच्या निम्म्या अडचणी सुटतात.

गर्दीची जोड त्यात धरा. दुर्घटना झाली की माणसं घटनास्थळाकडे ओढली जातात. नातेवाईक, मदत करणारे, बघे, सगळे. या ओढीवर समाजशास्त्रज्ञ १९५० च्या दशकापासून लिहीत आलेत. नायक दिसण्याची शक्यता असेल तर बघ्यांची संख्या कितीपट होईल याची कल्पनाच करावी. रुग्णवाहिकेचा रस्ता अडेल तो खलनायकाने नव्हे, दुचाकी आडव्या लावून व्हिडिओ काढणाऱ्यांनी. पोलिसांचा अर्धा बंदोबस्त गुन्हेगारासाठी नसून नायकाच्या चाहत्यांसाठी लागेल.

आवाजाबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही. ध्वनीपेक्षा जास्त वेगाने उडणारी कुठलीही वस्तू मागे धडाका सोडते. १९६४ मध्ये अमेरिकी सरकारने ओक्लाहोमा सिटीवरून सहा महिने मुद्दाम अशी विमानं उडवली, लोकांना याची सवय होते का हे पाहायला. एकूण १,२५३ धडाके झाले. काचा फुटल्या, तक्रारींचा ढीग लागला, आणि शेवटी सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांनी सांगितलं की यासोबत राहणं आम्हाला जमणार नाही. १९७३ मध्ये अमेरिकेने जमिनीवरून होणाऱ्या अशा नागरी उड्डाणांवर बंदी घातली. माणूस विमानापेक्षा लहान, म्हणून त्याचा धडाकाही लहान असेल. पण तो छपरांच्या उंचीवरून जातो आणि रात्री-अपरात्री जातो. शहर त्याच्यावर पहिला नियम घालेल तो वेगमर्यादेचा. जीव धोक्यात असेल तरच ध्वनीची सीमा ओलांडायची, आणि त्याची नोंद करायची. शिवाय अंगावर ट्रान्सपाँडर, म्हणजे तो कुठे आहे हे रडारला कळवणारं यंत्र, नाहीतर विमानतळाचे नियंत्रक त्याला एक दिवससुद्धा उडू देणार नाहीत.

पोलिसांचं दुखणं वेगळं. चोर पकडून चौकीच्या दारात बांधून ठेवणं दिसायला छान, खटल्याच्या दृष्टीने निरुपयोगी. चाकूवर कुणाचे ठसे आहेत? पैशांची पिशवी कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली? पंचनामा कुणी केला? आणि साक्षीला कोण उभं राहणार? मुखवटा घातलेल्या माणसाची उलटतपासणी कशी घ्यायची? २००८ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच होतं) निनावी साक्षीदारांच्या जबानीवर मुख्यतः टिकून असलेली खुनाची एक शिक्षा रद्द ठरवली, कारण आरोपीला समोरच्याची विश्वासार्हता तपासताच आली नव्हती. काही आठवड्यांतच संसदेला निनावी साक्षींसाठी वेगळा कायदा करावा लागला. तुमच्या शहरालाही असंच काहीतरी करावं लागेल. बहुधा त्याची ओळख एका न्यायाधीशाकडे मोहोरबंद ठेवली जाईल. दुसरी गाठ अशी, की पोलीस त्याला बोलावू लागले की तो खासगी माणूस राहत नाही. झडतीचे आणि बळाच्या वापराचे पोलिसांवरचे सगळे निर्बंध त्यालाही लागू होतात. ‘मी तर स्वतःहून आलो’ हे वाक्य एकदोनदा चालेल. वायरलेस सेट हातात घेतल्यावर मुळीच नाही.

आता मोडतोडीचे पैसे. सुरुवातीला विमा कंपन्या दावे भरतील, मग आकडेमोड करतील, आणि नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसीत एक ओळ येईल: अतिमानवी कृतींमुळे झालेलं नुकसान वगळून. अशी वगळणी नवी नाही. लंडनच्या व्यापारी भागात १९९२ आणि १९९३ मध्ये मोठे बॉम्बस्फोट झाले, विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या पुनर्विमा कंपन्यांनी हात आखडता घेतला, आणि १९९३ मध्ये सरकारच्या पाठबळावर सगळ्या विमा कंपन्यांचा मिळून एक निधी उभा करावा लागला. अमेरिकेने २००१ च्या हल्ल्यानंतर २००२ मध्ये तसाच कायदा केला. तुमच्या शहरात हाच मार्ग निघेल: सामाईक निधी, त्यात सगळ्यांचा थोडा थोडा वाटा, आणि दावे निकालात काढणारं एक कार्यालय. त्या कार्यालयातला कारकून मला फार आवडेल. त्याच्यासमोर रोज एकच वाद येईल, की ही भिंत नायकाने पाडली, खलनायकाने पाडली, की ती आधीपासूनच मोडकळीला आलेली होती.

खलनायकांवर माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही. एवढंच, की अशा शहरात त्याला आव्हान द्यायला येणाऱ्यांपेक्षा त्याला चुकवून काम करणारे जास्त निघतील. तो शहराच्या एका टोकाला आहे हे मोबाइलवर दिसलं, की दुसऱ्या टोकाला चोरी.

पोशाख घालून शहरात वावरणारे नायक खरोखर होऊन गेलेत, हेही सांगून टाकतो. मेक्सिको सिटीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, भूकंपानंतर घरांसाठी लढणाऱ्या भाडेकरूंच्या बाजूने लाल-पिवळ्या पोशाखातला मुखवटाधारी ‘सुपरबारिओ’ उभा राहिला. त्याच्याकडे कसलीही शक्ती नव्हती. तो घर खाली करायला आलेल्यांसमोर उभा राहायचा आणि अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर मुखवट्यासह बसायचा. कोलंबियाची राजधानी बोगोटाचे महापौर अंतानास मोकुस तर स्वतःच ‘सुपरनागरिक’ होऊन रस्त्यावर उतरले होते, आणि वाहतुकीची शिस्त लावायला त्यांनी मूकाभिनय करणारे कलाकार नेमले. या दोघांनी एकही गाडी उचलली नाही. त्यांनी लोकांना स्वतः काहीतरी करायला लावलं.

आणि मी सुरुवातीला म्हटलेली सवय याच्या बरोबर उलट: तो आहे म्हणून लोक स्वतः काही करणं सोडून देतात. भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४० च्या दशकात दाखवलं की नदीला बांध घातला की छोटे पूर थांबतात, लोक निर्धास्त होऊन बांधाच्या आत घरं बांधतात, आणि बांध फुटतो त्या दिवशी आधी कधी झालं नव्हतं इतकं नुकसान होतं. अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये म्हटलं की गाड्या सुरक्षित केल्या की चालक जास्त बेफिकीर होतात. त्यांच्या आकड्यांवर वाद आहे, पण नियंत्रण कक्षात बसलेल्या कुणालाही त्यामागची गोष्ट ओळखीची वाटेल. तुमच्या शहरात तिसऱ्या वर्षी कुणीतरी सभागृहात विचारेल की नवीन शिडीची गाडी कशाला हवी, तो आहे ना. पाचव्या वर्षी भरती थांबेल. इमारतींची अग्निसुरक्षा तपासणी पुढे ढकलली जाईल. जिन्यात सामान रचलं जाईल. लोक फोनवर पत्ता नीट सांगणं सोडून देतील, खिडकीतून हाक मारतील. यातलं काहीच वाईट हेतूने होणार नाही. प्रत्येक निर्णय त्या दिवशी शहाणपणाचाच वाटेल.

आणि तो माणूस झोपतो ना? सतरा ते एकोणीस तास जागा असलेल्या माणसाचं काम, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्यासारखं होतं असं प्रयोगांतून दिसलं आहे. एवढ्या ताकदीच्या माणसाचा हात अर्ध्या सेकंदाने चुकणं म्हणजे काय, ते वर झेलण्याच्या हिशेबात पाहिलंच. वैमानिकांना कामाच्या तासांची मर्यादा आहे, त्यालाही हवी. तो विरोध करेल, कारण त्याच्या झोपेत कुणी मेलं तर ते त्याला कळणार.

मला त्या शहराचा सल्लागार नेमलं, तर मी एकच हट्ट धरीन. महिन्यातून एक दिवस, आधी जाहीर न करता, त्याने ड्यूटीवर असायचं नाही. फक्त टेबलावरच्या माणसांना माहीत. त्या दिवशी बाकीची सगळी यंत्रणा त्याच्याविना चालवायची आणि संध्याकाळी बसून कुठे अडलं ते लिहायचं. रंगीत तालीम नव्हे, खरा दिवस, खरे कॉल. यावर आरडाओरडा होईल, कुणी न्यायालयात जाईल, आणि त्यांचं म्हणणं चुकीचंही नसेल, कारण त्या दिवशी एखादा जीव खरंच जाऊ शकतो. तुम्हाला कादंबरीचा कणा हवा असेल तर तो इथे आहे.

प्रसंग लिहायचा असेल तर एक बारीक गोष्ट सांगतो. नियंत्रण कक्षात आम्ही फोन करणाऱ्याला कोण येतंय याचं वचन कधी देत नाही, मदत निघाली एवढंच सांगतो आणि लगेच त्याला एखादं काम देतो. तर त्या दिवशी कुणी बाई फोनवर विचारेल, ‘तो येतोय ना?’ आणि ऑपरेटर म्हणेल, ‘गाडी निघाली आहे. तुम्ही दाराची कडी काढून ठेवा आणि मला सांगा, त्यांची छाती हलताना दिसतेय का?’